सोन्याचा खल आणि शेतकऱ्याची लेक

लासलगाव म्हणजे कांद्याचा बाजार. आज एका बाजारकरणीचीच ओळख करून द्यायची आहे, पण ती जर्मनीतली, दोनशे वर्षांपूर्वीची.

तिचं नाव डोरोथेआ फीमान. कासेल शहराजवळच्या खेड्यातली, शिंप्याची बायको. घरचा माल घेऊन शहरात विकायला जायची. तिथे ग्रिम आडनावाचे दोघे भाऊ लोककथा गोळा करत होते. तिने त्यांना चाळीसेक गोष्टी सांगितल्या. गोष्ट आधी सरसर सांगायची, मग लिहून घेता यावी म्हणून पुन्हा सावकाश. १८१५ च्या पुस्तकात भावांनी तिचं तोंडभरून कौतुक केलं. तिला ‘शेतकरीण’ मात्र उगाच केलं!

तिची एक गोष्ट ऐका. शेतकऱ्याला राजाने दिलेल्या जमिनीत सोन्याचा खल सापडतो. लेक म्हणते, “बाबा, राजाला देऊ नका, तो बत्ता मागेल.” बाप ऐकत नाही आणि तुरुंगात जातो. ‘लेकीचं ऐकलं असतं तर!’ म्हणून तो रडतो, तेव्हा राजा तिला बोलावतो आणि कोडं घालतो: कपडे घालून यायचं नाही, उघडंही नाही, जनावरावर बसून नाही, गाडीतून नाही, रस्त्यावरून नाही, रस्ता सोडूनही नाही. ती मासे धरायचं जाळं अंगाभोवती गुंडाळते, ते गाढवाच्या शेपटीला बांधते आणि चाकोरीतून फरफटत येते. राजा तिच्याशी लग्न करतो.

आपल्या केंद्रीय विद्यालयांत २०११ पासून सहावी ते आठवीला जर्मन ही तिसरी भाषा होती. २०१४ मध्ये ती जागा तिच्याकडून गेली. पुण्यातल्या काही शाळांत मुलं आजही जर्मन शिकतात. त्यांना ही गोष्ट फार उपयोगी. जर्मनमध्ये नकाराला ‘निश्त’ म्हणतात. या एका कोड्यात तो सहा वेळा येतो, आणि कोडं सोडवण्याच्या नादात पोरांना तो आपोआप पाठ होतो. व्याकरणाच्या तक्त्याने हे व्हायला आठवडा लागेल. शिवाय खल-बत्ता त्यांनी घरी पाहिलेला असतो.

एक सांभाळायला हवं. ग्रिमच्या बऱ्याच गोष्टींत सावत्र आई दुष्ट असते. १८१२ च्या पहिल्या पुस्तकात हिमगौरीचा जीव घ्यायला निघते ती सख्खी आईच आहे! पुढच्या आवृत्तीत भावांनी तिला सावत्र केलं. वर्गात एखाद्या लेकराची आई खरोखर सावत्र असते. त्याच्यासमोर ही गोष्ट सांगताना बाईंनी हा बदलही सांगावा.

आता आपल्या शाळांचं. इथे जर्मन नसलं तरी इंग्रजी आहेच, आणि पोरं ते घोकंपट्टीनेच शिकतात. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायकांच्या असतात. पुढच्या बैठकीत एक मागणी करा: महिन्यातून एका इंग्रजीच्या तासाला गावातल्या आजीला बोलवा. तिने मराठीत गोष्ट सांगावी आणि पोरांनी ती इंग्रजीत मांडावी. फीमानबाईंसारखी सावकाश सांगणारी आजी प्रत्येक आळीत एक तरी असतेच.

राहता राहिली राणी. ती पुढे एका गरिबाला युक्ती सांगते, म्हणून चिडलेला राजा तिला माहेरी धाडतो. म्हणतो, “तुझी सगळ्यात लाडकी एक वस्तू घेऊन जा.” ती त्याला झोपेचं औषध पाजते, चादरीत गुंडाळते आणि त्यालाच घेऊन जाते.