रंग धरणारे मणी



बोलायला सुरुवात करण्यापूर्वी या टेबलावर मी दोन ग्लास ठेवले आहेत. दोन्हींत मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचे सारखेच थेंब आहेत आणि साबुदाण्याएवढे मणीही सारख्याच मापाचे. उजव्या ग्लासात मात्र मी चार चमचे मीठ विरघळवलं आहे. व्याख्यान संपताना आपण दोन्हींकडे पुन्हा बघू.

इचलकरंजीत रंगाच्या पाण्याची ओळख करून द्यावी लागत नाही. इथल्या कित्येक घरांची चूल मागावर किंवा कापडाच्या प्रोसेसवर पेटते, आणि पंचगंगा नदीही आपलीच आहे. धंदा की नदी, असा सवाल या गावाला परवडणार नाही. म्हणून मी उपायाबद्दल बोलणार आहे, त्याच्या मर्यादांसकट.

आधी रंग पाण्यात का उरतो ते पाहू. सुती कापडासाठी आपण रिॲक्टिव्ह रंग वापरतो. ते 1956 साली बाजारात आले. हा रंग धाग्याशी रासायनिक बंध जोडतो, म्हणून धुतला तरी जात नाही. पण टाकीत धाग्याभोवती पाणीही असतं आणि रंगाचा काही अंश त्या पाण्याशीच जोडला जातो. तो मग धाग्याच्या कामाचा राहत नाही. रंगाच्या जातीप्रमाणे आणि छटेप्रमाणे असा 10 ते 40 टक्के रंग नाल्याला लागतो. लिटरमागे एक मिलिग्रॅम रंग असला तरी पाणी रंगीत दिसतं. नदीत ऊन खोलवर पोचत नाही, पाणवनस्पतींची वाढ खुंटते. कापडावर आपण ज्या पक्केपणाचं कौतुक करतो, त्याच पक्केपणामुळे जिवाणूंनाही हा रंग सहजी मोडता येत नाही.

चुना आणि तुरटीसारख्या क्षारांनी रंग खाली बसतो, पण गाळाचे ढीग उभे राहतात. सक्रिय कोळसा रंग चांगला ओढतो, पण तो महाग, आणि पुन्हा वापरायचा तर भट्टीत तापवावा लागतो. इथे हायड्रोजेलचा विचार येतो.

हायड्रोजेल तुम्ही सगळ्यांनी खाल्लेलं आहे. उन्हाळ्यात सब्जा भिजत घातला की प्रत्येक बीभोवती पारदर्शक, बुळबुळीत वेष्टण फुगतं. ते हायड्रोजेलच. लांबलचक रेणूंचे धागे पाण्याला धरून ठेवतात. नुसते मोकळे धागे असते तर ते विरघळून गेले असते. कापडात ताण्याला बाणा धरतो, तसे इथे धागे आडव्या बंधांनी एकमेकांना बांधलेले असतात. म्हणून जेल फुगतं, पण विरघळत नाही. प्रागच्या ओटो विख्टर्ले आणि द्राहोस्लाव्ह लीम यांनी 1960 साली अशाच जेलवर निबंध प्रसिद्ध केला आणि त्यातून मऊ कॉन्टॅक्ट लेन्स आली.

या ग्लासातले मणी अल्जिनेटचे आहेत. ते तपकिरी समुद्री शेवाळातून मिळतं. त्याचं दाट द्रावण कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात थेंब थेंब सोडलं की प्रत्येक थेंबाचा मणी होतो. कॅल्शियम इथे बाणा. अल्जिनेटच्या धाग्यांवर ऋण भार असतो आणि मिथिलीन ब्लूवर धन, म्हणून रंग मण्याकडे ओढला जातो.

आपल्या टाकीतले रिॲक्टिव्ह रंग मात्र ऋण भाराचे. त्यांना धरायला धन भाराचा धागा हवा, आणि तो कोळंबीच्या टरफलात सापडतो. टरफलातला चुना आम्लानं आणि प्रथिनं अल्कलीनं काढली की उरतं कायटिन. ते तीव्र कॉस्टिकमध्ये तापवलं की कायटोसान. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं या टरफलांवर पुष्कळ काम केलं आहे. जे कोळंबी सोलणाऱ्यांच्या दारात कुजतं, ते रंगाऱ्याच्या उपयोगी पडावं, ही कल्पना मला फार मोलाची वाटते.

पण मणी समुद्रातून आला एवढ्यावर तो पर्यावरणस्नेही ठरत नाही. कायटोसान बनवताना आम्ल आणि कॉस्टिक खर्च होतं. मणी टणक करायला पुष्कळदा ग्लुटराल्डिहाइड वापरतात, आणि ते विषारी आहे. सायट्रिक आम्लासारखे सौम्य पर्याय आहेत, ते आधी धुंडाळावेत.

आता मिठाकडे येऊ. गडद छटेला लिटरमागे 60 ते 80 ग्रॅम मीठ लागतं, म्हणजे टाकीतलं पाणी समुद्राच्या दुप्पट खारट. प्रयोगशाळेत मण्याची ताकद बहुतेक वेळा शुद्ध पाण्यात मोजली जाते. टाकीच्या पाण्यात मिठाचे आयन मण्यावरच्या जागांसाठी रंगाशी झगडतात. शिवाय ते पाणी अल्कलीयुक्त, आणि अल्कलीत कायटोसानचा धन भार जातो. म्हणून ते आधी उदासीन करावं लागतं.

तिरुपूर शहरानं मिठाची मोठी किंमत मोजली. नोय्यल नदीवरच्या ओरत्तुपाळयम धरणात डायिंगचं खारं पाणी साठत गेलं, शेतं नासली, आणि जानेवारी 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं तिथली शेकडो डायिंग युनिटं बंद करायला लावली. हायड्रोजेल मीठ काढत नाही. पण त्यानं रंग काढून घेतला, तर ते खारं पाणी पुढच्या रंगाईला घेता येईल. जेलचं खरं काम मला तिथे दिसतं.

आता ग्लास बघा. डावीकडचं पाणी पुष्कळ फिकं झालंय आणि मणी निळे. उजवीकडचं अजून निळंच आहे, आणि मणी मऊ पडलेत. डावीकडचे निळे मणी मी या वाटीतल्या सौम्य आम्लात टाकतो. पाहा, रंग बाहेर येऊ लागला. म्हणजे रंग नष्ट झाला नव्हता, त्यानं फक्त जागा बदलली होती. पण अख्ख्या ग्लासातला रंग आता या वाटीत मावला आहे, आणि मणी पुन्हा वापरता येतील.

म्हणून कुणी हायड्रोजेल घेऊन तुमच्या दारी आलं, तर तीन गोष्टी विचारा. आमच्या टाकीतल्या खाऱ्या पाण्यात हे किती रंग धरतं? किती वेळा धुऊन वापरता येतं? आणि शेवटी हे मणी आणि वाटीतला हा रंग जाणार कुठे? आम्हा शिक्षकांनाही एक काम सांगा: शुद्ध पाण्यातले आकडे बाजूला ठेवा आणि आमच्या टाकीतल्या पाण्याचा कॅन घेऊन जा. कॅन भरून देणारा प्रोसेसवाला इथे बसला असेल, तर सभा संपल्यावर त्यानं मला जरूर भेटावं.