जीपचे क्राऊन-पिनियन घरी बदलताना

(नागपूर येथे शेतकऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी कृषिविद्या शिकवणारा माणूस. पेरणीचे अंतर आणि खताच्या मात्रा सोडून हा जीपच्या गिअरवर काय बोलणार, असे आपल्याला वाटणे साहजिक आहे. पण काटोल, नरखेड, कळमेश्वरपासून थेट वरूडपर्यंतच्या संत्रापट्ट्यात जुनी जीप हे शेतीचेच एक अवजार आहे. खताची पोती, फवारणीचा पंप, मजूर आणि भरलेले क्रेट असे सगळे तीच वाहून नेते. आंबिया बहराची फळे साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरात उतरतात. त्याच वेळी जीप बांधावर उभी राहिली, तर फळ झाडावर थांबते आणि कळमना बाजारातला भाव मात्र आपल्यासाठी थांबत नाही.

जीप अशी उभी राहण्याचे एक मोठे कारण म्हणजे मागच्या एक्सलमधील डिफरन्शियलचे दाते जाणे. "नवा सेट आणला तर घरीच बसवता येईल काय?" असे अनेकजण विचारतात. माझे उत्तर असे, की खोलणे, धुणे, तपासणे आणि बंद करणे घरी जमते. मात्र बसवण्याचे काम मोजमापाचे आहे. मोजायचे साधन आणि सवय असेल तरच ते अंगावर घ्यावे. नवा सेट किती दिवस टिकेल हे त्याच्या किमतीवर ठरत नाही, तो किती अचूक मोजून बसवला त्यावर ठरते.

डिफरन्शियल कशासाठी?

बैलगाडीची दोन्ही चाके आसावर मोकळी फिरतात. वळताना बाहेरचे चाक जास्त फिरले तरी बिघडत नाही. जीपच्या चाकांना मात्र इंजिनाची ताकद द्यायची असते. दोन चाकांत साधारण सव्वा मीटर अंतर धरले, तर पूर्ण वळसा घेताना बाहेरचे चाक आतल्यापेक्षा पावणेआठ मीटर जास्त चालते. ताकदही द्यायची आणि हा फरकही सांभाळायचा, हे काम डिफरन्शियल करते. लहान पिनियन मोठ्या क्राऊनला फिरवते. जुन्या विलीज पद्धतीच्या सीजे-३बी जीपमध्ये पिनियनला ८ आणि क्राऊनला ४३ दाते असतात. म्हणजे पिनियनचे सुमारे ५.३८ फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. फेरे कमी होतात आणि ओढ वाढते. म्हणूनच ती जीप चिखलातून ओझे ओढते.

दाते जातात कशाने?

आपल्या भागात ओझ्याइतकाच दोष पाण्याचा आहे. एक्सलच्या डब्यावर हवा येण्या-जाण्यासाठी बारीक छिद्राचा ब्रीदर असतो. काळ्या मातीचा चिखल वाळला की तो बुजतो. चालून तापलेला डबा नाल्याच्या थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते. ब्रीदर बंद असल्यामुळे ती हवा ऑइल सीलच्या कडेने पाणी आत ओढते. मग तेल दुधाळ होते, बेअरिंगला गंज चढतो, बेअरिंग ढिले पडते आणि पिनियन जागा सोडते. दाते तुटतात ते त्यानंतर. पावसाळा संपला की ब्रीदर साफ करावा आणि तेल पाहावे. दहा मिनिटांच्या या कामाने हजारोंचा खर्च वाचू शकतो.

आधी निदान करा

आवाज आला की क्राऊन गेले असे समजू नका. प्रथम प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस आणि चाकांची बेअरिंगे तपासा. गाडी ओढत असताना एक आवाज आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर वेगळा आवाज येत असेल, तर संशय दात्यांवर घ्यावा. तेल काढून त्यात लोहचुंबक फिरवा. बारीक काळा लगदा चिकटणे नेहमीचे आहे. कपचे किंवा टोकदार तुकडे निघाले तर मात्र डबा उघडलाच पाहिजे.

जिवाची काळजी

ही सूचना नीट लक्षात ठेवा. जुन्या जीपचा हँडब्रेक बहुधा चाकांवर नसतो. तो ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्टवर असतो. मागचा प्रॉपेलर शाफ्ट सोडला, की हँडब्रेक ओढलेला असूनही तो मागच्या चाकांना धरत नाही. गाडी गिअरमध्ये ठेवूनही मागची चाके धरली जात नाहीत. एकच मागचे चाक उचलले तरी डिफरन्शियलमुळे दुसरे चाक मोकळे फिरू शकते. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ओट लावा. जागा सपाट व टणक असावी. मातीत जॅक रुततो, त्याखाली जाड फळी द्या. गाडी लोखंडी स्टँडवर घ्या. विटा दबल्या की फुटतात, त्यांवर गाडी ठेवून तिच्याखाली कधीही जाऊ नका.

सेट विकत घेताना

१) क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार करतात. दोन्हींवर जोडीचा एकच क्रमांक असतो, तो जुळवून पाहा. एक जुने व एक नवे कधीही बसवू नका.

२) जुन्या गिअरचे दाते मोजून तेवढ्याच दात्यांचा सेट घ्या. फोर-व्हील गाडीत पुढच्या व मागच्या एक्सलचे प्रमाण सारखेच हवे. ते वेगळे झाले, तर फोर-व्हील लावताच दोन्ही एक्सल एकमेकांशी झगडतात आणि काहीतरी तुटते.

३) बेअरिंगे, ऑइल सील, गॅस्केट आणि क्राऊनचे बोल्ट त्याच वेळी नवे घ्या. जुन्या बेअरिंगवर नवा सेट बसवणे म्हणजे उगवण न तपासता बियाणे पेरण्यासारखे आहे.

खोलताना

तेल काढा, शाफ्ट सोडा, दोन्ही बाजूंचे एक्सल बाहेर ओढा आणि मागचे झाकण काढा. बेअरिंगच्या दोन्ही कॅपवर पंचने डावी-उजवी खूण करा. या कॅप आपापल्या जागीच बसवून कारखान्यात छेदलेल्या असतात, त्यांची अदलाबदल चालत नाही. डाव्या व उजव्या बाजूच्या शिमा, म्हणजे पातळ पत्र्याचे वायसर, वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा आणि मायक्रोमीटरने मोजून जाडी लिहून ठेवा. पिनियनच्या शिमांचेही तसेच करा. हा कागद हरवला तर पुढचे सगळे काम अंदाजाने होईल. बेअरिंग काढणे-बसवणे मात्र हातोडीने करू नका. त्यासाठी वर्कशॉपमध्ये प्रेसवर काम करून घ्या.

चार मोजमापे

पिनियनची खोली : पिनियनच्या तोंडावर अधिक किंवा उणे चिन्हासह आकडा कोरलेला असतो. विलीज पद्धतीच्या एक्सलमध्ये तो इंचाच्या हजाराव्या भागात असतो. समजा जुन्यावर अधिक २ आणि नव्यावर उणे १ आहे. फरक ३ चा, म्हणून आतल्या बेअरिंगच्या कपामागे ०.००३ इंच, म्हणजे सुमारे ०.०८ मिलिमीटर शिम वाढवावी लागते. कागदाच्या जाडीएवढी ही गोष्ट, पण तिच्यावर सेटचे आयुष्य अवलंबून असते.

बेअरिंगचा ताण : पिनियन बसवल्यावर तो हलू नये, पण जडही फिरू नये. ऑइल सील आणि क्राऊन बसवण्यापूर्वी पिनियनच्या योकला दोरी गुंडाळून स्प्रिंगच्या काट्याने सावकाश ओढा. काट्यावरील किलो गुणिले योकची त्रिज्या सेंटिमीटरमध्ये, हा झाला ताण. या जातीच्या एक्सलला नव्या बेअरिंगवर तो साधारण २३ ते ४६ किलो-सेंटिमीटर असावा. म्हणजे त्रिज्या ५ सेंटिमीटर असेल, तर काटा सुमारे साडेचार ते नऊ किलो दाखवील.

दात्यांतील ढिलाई : मिस्त्री याला 'प्ले' म्हणतात. ती डायल गेजनेच मोजावी, हाताने हलवून कळत नाही. मर्यादा आपल्या गाडीच्या पुस्तकात पाहा, कारण नव्या-जुन्या मॉडेलांत ती वेगळी असते. क्राऊनवर तीन-चार ठिकाणी मोजा. दोन ठिकाणच्या मापात ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला, तर क्राऊनच्या बैठकीवर कचरा किंवा खरचटा आहे असे समजा. ढिलाई कमी-जास्त करताना एका बाजूची शिम काढून तेवढीच दुसऱ्या बाजूला घाला. एकूण जाडी बदलू नका.

दात्यांवरील ठसा : दात्यांना रंगाचा पातळ लेप द्या आणि क्राऊनला हाताने थोडा अडसर देत पिनियन फिरवा. ठसा दात्याच्या उंचीच्या मध्यावर आला तर काम बरोबर आहे. ठसा वरच्या कडेला आला, तर पिनियन लांब आहे, शिम वाढवा. बुडाशी आला, तर पिनियन फार आत आहे, शिम कमी करा. शिम बदलली की ढिलाई पुन्हा मोजावी लागते. ठसा बरोबर येईपर्यंत तीन-चार वेळा खोल-जोड करावी लागली, तरी कंटाळू नये. पूर्वी मिस्त्री लोक यासाठी तेलात कालवलेला शेंदूर वापरत. शेंदुरात शिसे असते. त्यापेक्षा बाजारात मिळणारी रंगाची पेस्ट घ्यावी. शेंदूर वापरलाच तर हात साबणाने धुवावेत आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये.

तेल आणि पहिले दिवस

या गिअरला ईपी ९० प्रतीचे, जीएल-५ दर्जाचे गिअर ऑइलच लागते. इंजिन ऑइल चालत नाही. दाते एकमेकांवर घसरत फिरतात आणि त्या दाबाखाली साधे तेल टिकत नाही. भरणीच्या छिद्राच्या कडेपर्यंत तेल भरा. सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटे रिकामी गाडी हळू चालवा आणि अर्धा तास थंड होऊ द्या. असे तीन-चार वेळा करा. पहिले ८०० किलोमीटर ट्रॉली जोडू नका आणि त्यानंतर तेल बदला. म्हणूनच हे काम एप्रिल-मे महिन्यात, हंगाम नसताना करावे. तोडणीच्या तोंडावर बसवलेल्या नव्या सेटला पहिल्याच दिवशी भरलेली ट्रॉली ओढावी लागते आणि तो तापून जातो.

कोणी करू नये?

डायल गेज, मायक्रोमीटर आणि टॉर्क पाना मिळत नसेल, तर गाडी घरी खोला, भाग स्वच्छ धुवा, पण जुळणी जाणत्या मिस्त्रीकडून करून घ्या. त्यातही मजुरी बरीच वाचते. त्याला ढिलाईचे माप कागदावर लिहून मागा. "बसवून दिले, चालून जाईल" हे उत्तर घेऊ नका. ट्रॅक्टरच्या बाबतीत तर मोह टाळाच. बहुतेक ट्रॅक्टरमध्ये डिफरन्शियल मागच्या मोठ्या डब्यात, गिअरबॉक्सला लागून असते. ते बदलायला जड भाग वेगळे करून तोलून धरावे लागतात आणि ते काम अंगणातल्या जॅकवर होत नाही.

बंधूंनो, माती परीक्षण न करता आपण खताची मात्रा ठरवत नाही. इथेही तोच नियम आहे. आधी मोजा, मग बसवा. आपल्याकडे जुनी जीप असेल, तर या आठवड्यात एवढे करा : ब्रीदर साफ करा आणि भरणीचे बूच काढून तेलाचा रंग पाहा. तेल दुधाळ असेल तर ते लगेच बदला आणि सील तपासून घ्या. कदाचित नवा सेट घेण्याची वेळच येणार नाही.