एका वेळी एकच शत्रू : सरखेल कान्होजी आंग्रे



साकीनाक्यात आपण बसलो आहोत ती जमीन कान्होजी आंग्र्यांच्या काळात पोर्तुगीजांची होती. साकीनाका, मरोळ, अंधेरी, अवघी साष्टी त्यांच्या ताब्यात. माहीमची खाडी ओलांडली की मुंबई इंग्रजांची. दक्षिणेला जंजिऱ्यात सिद्दी, त्याच्या पाठीशी मोगल. या सगळ्यांच्या मधोमध, अलिबागसमोरच्या कुलाबा किल्ल्यात कान्होजी. 1698च्या सुमारास त्यांना सरखेली, म्हणजे मराठा आरमाराचं प्रमुखपद, मिळाली आणि 1729 साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी ती राखली. ती कशाच्या बळावर, हे आज मला सांगायचं आहे.

आरमार तर होतंच. तोफा चढवलेल्या गुराबा आणि वल्ह्यांवर चालणारी चपळ गलबतं. वारा पडला की परक्यांची मोठी जहाजं जागच्या जागी अडकत. आपली गलबतं मात्र गुराबांना ओढत त्यांच्या पाठीशी नेऊन भिडवत. कोकण किनाऱ्यावरून माल न्यायचा तर आंग्र्यांचं दस्तक घ्यावं लागे. पोर्तुगीज हेच कार्ताझच्या रूपाने दोनशे वर्षं करत आले होते. दस्तक म्हणजे या समुद्राला धनी आहे याची कबुली, आणि ती द्यायला इंग्रज तयार नव्हते.

नोव्हेंबर 1712मध्ये कान्होजींच्या माणसांनी मुंबईच्या गव्हर्नरची यॉट पकडली. कारवारच्या वखारीचा प्रमुख मारला गेला, त्याची पत्नी कैद झाली. इथे दुसरा कोणी विजयाच्या भरात आणखी पुढे गेला असता. पण कान्होजींनी अजून शाहू महाराजांना छत्रपती मानलं नव्हतं, आणि महाराजांची फौज कोकणात उतरणार, हे ते ओळखून होते. 1713च्या सुरुवातीलाच त्यांनी इंग्रजांशी तह केला आणि कैदी सोडले. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांना त्रास देणार नाही, मात्र इंग्रजी निशाण फक्त इंग्रजांच्याच जहाजांवर लागलं पाहिजे, असं त्यात ठरलं. समुद्राकडची बाजू अशी बंद करून ते घाटाकडे वळले.

पेशवे बहिरोपंत पिंगळे फौज घेऊन आले आणि खुद्द पेशवेच कैद झाले. तेव्हा शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथांना नवे पेशवे नेमून बोलणी करायला पाठवलं. बाळाजीपंत श्रीवर्धनचे, सिद्दीचा जाच त्यांनी आणि कान्होजींनी, दोघांनीही भोगलेला. 1714 साली समेट झाला. कान्होजींनी शाहू महाराजांना छत्रपती मानलं, पिंगळ्यांना सोडलं, काही किल्लेही परत दिले. बदल्यात सरखेली कायम झाली. लढाई जिंकल्यावर किल्ले परत देणं सोपं नसतं. त्या किल्ल्यांच्या मोलाने त्यांनी काय मिळवलं, ते सात वर्षांनी दिसलं.

मुंबईचा नवा गव्हर्नर चार्ल्स बून याने 1713चा तह मोडीत काढला. 1717मध्ये विजयदुर्गावर आणि 1718मध्ये खांदेरीवर त्याने केलेले हल्ले फसले. 1721च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले. ब्रिटिश राजाची लढाऊ जहाजं घेऊन कमोडोर मॅथ्यूज आला होता. पोर्तुगीजांचा विजरई जातीने हजर होता. पहिला हल्ला कोसळला. मॅथ्यूजच्या मांडीत मराठी स्वाराचा भाला घुसला, तोफा मराठ्यांच्या हाती लागल्या. पेशवे बाजीरावांचं घोडदळ मदतीला आलं होतं. 1714च्या समेटाचं हे फळ. जानेवारी 1722मध्ये पोर्तुगीजांनी मराठ्यांशी वेगळा तह केला, आणि इंग्रज एकटे पडले.

कान्होजींच्या पश्चात मुलांमध्ये भाऊबंदकी माजली. पुढे त्यांच्यापैकी तुळाजी आंग्र्यांनी पेशव्यांची सत्ता झुगारली. शौर्यात ते कमी नव्हते. पण पेशवे, इंग्रज आणि भाऊ मानाजी, सगळेच एकाच वेळी विरोधात गेले. फेब्रुवारी 1756मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह या इंग्रज सेनानींनी विजयदुर्गात शिरून आंग्र्यांचं आरमार जाळलं. मराठ्यांच्या पेशव्याने इंग्रजांना साथ देऊन हे घडवलं, याची खंत आजही वाटते, आणि वाटलीच पाहिजे.

भारतीय नौदलाने 1951 साली मुंबईतल्या आपल्या तळाला ‘आंग्रे’ हे नाव दिलं. त्या नावाचा मान राखायचा तर कान्होजींची तलवार आठवताना त्यांचे तहही अभ्यासले पाहिजेत. शाळेत आपण त्यांच्या लढाया शिकतो. 1713 आणि 1714चे ते दोन तहसुद्धा मुलांना तितक्याच आस्थेने शिकवा, एवढीच माझी विनंती. जिंकलेल्याने कुठे थांबावं, हे त्या तहांत शिकायला मिळतं.