फी, कर्ज आणि कागद: बारावीनंतरचा हिशोब



बारावीचा निकाल लागला की आपल्या मोहल्ल्यांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘इतनी फीस कहाँ से लाएंगे?’ प्रश्न खरा आहे. पण तो बहुतेक वेळा एखाद्या एजंटाने सांगितलेल्या आकड्यावरून विचारला जातो आणि उत्तर शोधण्याआधीच घरात निर्णय होऊन जातो. मुलगा मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसतो, मुलीसाठी स्थळे पाहायला सुरुवात होते. मला आज एवढेच सांगायचे आहे की तो आकडा तुमचा नसतो. तुमची फी किती, हे तुम्ही कोणत्या दाराने प्रवेश घेता आणि तुमच्या हातात कोणते कागद आहेत त्यावर ठरते.

इंजिनिअरिंग, फार्मसी यांसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या विनाअनुदानित खासगी कॉलेजांची फी महाराष्ट्रात 2015 च्या कायद्यानुसार शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. मंजूर फी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येते. वसतिगृह, मेस, बस यांचा खर्च वेगळा, तो वेगळाच लिहून काढा. मंजूर फीपेक्षा जास्त पैसे पावतीशिवाय मागितले तर ते डोनेशन झाले. कॅपिटेशन फी घ्यायला राज्यात 1987 पासून कायद्याने बंदी आहे.

आता दाराची गोष्ट. सीईटी देऊन शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून, जागा घेतली तर सवलतींचा रस्ता उघडतो. त्याच कॉलेजात, त्याच वर्गात मॅनेजमेंट कोट्यातून बसलात तर तो बंद. फेऱ्यांचा कंटाळा आला, मित्राने ‘अभी सीट पक्की कर ले’ म्हटले, म्हणून कोट्यातून प्रवेश घेणारी मुले दरवर्षी दिसतात. त्या घाईची किंमत पुढे दरवर्षी भरावी लागते.

कॅपमधून आलेल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या खुल्या प्रवर्गातल्या विद्यार्थ्याला राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मे शिक्षण शुल्क मिळू शकते. मुलींसाठी तर जुलै 2024 मध्ये मोठा निर्णय झाला. ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी प्रवर्गातल्या, 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. खासगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे यात येत नाहीत. ‘लड़की को पढ़ाने में खर्चा बहुत है’ हे वाक्य आता किती घरांत खरे उरले, ते घरी जाऊन मोजा.

इथे कोणी म्हणेल, ओबीसीशी आपला काय संबंध? बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी, मोमीन अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत. आपण 2014 च्या पाच टक्के आरक्षणाच्या अध्यादेशावर अजून सभा घेतो. घ्याव्यातही. पण जे आज हातात आहे त्याचा दाखला काढलेली घरे मोहल्ल्यात किती, हे त्या सभेत कोणी विचारत नाही. यादीत नसलेल्या खुल्या प्रवर्गातल्या शेख, सय्यद, पठाण कुटुंबांना निकषांत बसत असल्यास ईडब्ल्यूएसचे प्रमाणपत्र मिळू शकते.

खरी अडचण दाखल्यांतच आहे, म्हणून इथे थोडा वेळ घेतो. ओबीसी दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. आपल्या आजोबांच्या शाळेच्या नोंदीत जातीच्या रकान्यात अनेकदा नुसते ‘मुसलमान’ लिहिलेले सापडते. मग शोध सुरू होतो: आजोबांच्या भावाची शाळा, गावची जन्म-मृत्यूची नोंदवही, जुने खरेदीखत. वडिलांकडच्या रक्तनात्यात कोणाला जात वैधता मिळालेली असेल तर काम बरेच सोपे होते. हे सारे निकालानंतरच्या पंधरा दिवसांत होत नाही. अकरावीतच सुरुवात करा.

दुसरी गोष्ट नावाची. आधारवर मोहम्मद, मार्कशीटवर महंमद, बँकेत नुसते ‘मो.’, शेखचे इंग्रजी स्पेलिंग तीन कागदांवर तीन तऱ्हेचे. माणसाला यात काही वाटत नाही, संगणकाला वाटते. शिष्यवृत्तीचा पैसा आधारशी जोडलेल्या खात्यात येतो, तिथे असा फरक नडतो. मार्कशीटवरचे नाव प्रमाण धरा आणि बाकीचे कागद त्याला जुळवून घ्या.

एवढे करूनही पैसे कमी पडले तर कर्ज. आधी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडे जा. त्यांच्या शैक्षणिक कर्जाचा व्याजदर 3 टक्के आहे, बँकेपेक्षा कितीतरी कमी. जामीनदार लागतो आणि प्रकरणाला वेळ लागतो, म्हणून अर्ज लवकर करा.

त्यानंतर बँक. 4 लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेने तारण मागू नये, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ‘तुमचा पत्ता आमच्या शाखेच्या हद्दीत येत नाही’ हे कारणही शैक्षणिक कर्जाला चालत नाही. पत्त्याची गोष्ट आपल्यासाठी किरकोळ नाही. काही बँका ठरावीक भागांना नकारात्मक क्षेत्र मानतात आणि तिथे सहज कर्ज देत नाहीत, असे सच्चर समितीने 2006 मध्येच नोंदवले होते. म्हणून तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका. विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज करा, म्हणजे नोंद राहते. नकार मिळाला तर तो कारणासह लेखी मागा.

नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. यादीतल्या दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना विनातारण, विनाजामीन कर्ज मिळते. कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि अभ्यासक्रम तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल, तर शिक्षणाच्या काळातले व्याज सरकार भरते, अशीही केंद्राची योजना आहे. परदेशी शिकणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या कर्जावरचे व्याज भरणारी ‘पढो परदेश’ मात्र 2022-23 पासून बंद झाली. जुने व्हॉट्सअ‍ॅप मेसेज अजून फिरतात, त्यांवर विसंबू नका.

त्या व्याजाने किती फरक पडतो, तो फळ्यावर मांडून पाहू. चार वर्षे, दरवर्षी दीड लाख, एकूण 6 लाख. दर 10 टक्के धरू. शिकताना आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता नाही, पण सरळ व्याज साचत असते. पहिल्या दीड लाखावर पाच वर्षांचे, दुसऱ्यावर चार, मग तीन, मग दोन. बेरीज 2 लाख 10 हजार. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या दिवशी कर्ज 8 लाख 10 हजार झालेले असते आणि दहा वर्षांसाठी महिन्याचा हप्ता सुमारे 10,700 बसतो. तेच व्याज सरकारने भरले किंवा तुम्ही दरमहा भरत राहिलात, तर कर्ज 6 लाखच राहते आणि हप्ता सुमारे 7,900. पहिल्या वर्षी हे व्याज महिन्याला 1,250 रुपये होते. एक ट्यूशन घेऊनही ते निघेल.

सही करण्याआधी स्वतःला विचारा, या कॉलेजातून बाहेर पडणाऱ्यांना सुरुवातीला पगार किती मिळतो? कॉलेजच्या जाहिरातीला नको, मागच्या वर्षी पास झालेल्या चार मुलांना विचारा. पगार पंधरा हजार आणि हप्ता दहा हजार असेल, तर तो कोर्स त्या फीत घेऊ नये, असे मी स्पष्ट सांगेन.

आता ज्या प्रश्नापाशी आपली अनेक घरे थांबतात, तो सूदचा. उलेमांमध्ये यावर एकमत नाही. काही जण मजबुरीत परवानगी देतात, काही देत नाहीत. मी फतवा देणारा नाही. ज्याचा जमीर मानत नाही, त्याच्यावर कोणी जबरदस्ती करू नये. ब्रिटनमध्ये व्याजाविना विद्यार्थी-अर्थसहाय्याची तरतूद 2017 च्या कायद्यात झाली, तरी पुढची कित्येक वर्षे ती विद्यार्थ्यांच्या हातात पडली नाही. तेव्हा प्रश्न जगभरचा आहे. पण एक निरीक्षण मांडतो, राग मानू नका. मोटारसायकल फायनान्सवर येते, लग्नासाठी दागिने गहाण पडतात, तेव्हा सूद आठवत नाही. मुलीच्या कॉलेजची गोष्ट निघाली की नेमका आठवतो. ज्यांना व्याज खरोखर नको आहे, त्यांनी वर सांगितलेल्या फीमाफीसाठी दुप्पट धडपड करायला हवी. आणि जमातीने कर्जे-हसनाचा फंड उभारावा, तोही हिशोब लिहून आणि परतफेडीची तारीख ठरवून.

मागच्या टेबलावर आपले दोन कार्यकर्ते बसले आहेत. ज्यांनी दाखले आणि मार्कशीट आणली आहे, त्यांनी चहाच्या सुट्टीत तिथे नावे जुळतात का ते तपासून घ्या. त्यानंतर प्रश्न घेऊ. मुलींनी आधी विचारावेत.