दुभाष्याची दृष्टी : अर्नेस्ट सॅटो



लंडनच्या अर्नेस्ट सॅटोने विद्यार्थिदशेत पूर्वेकडच्या देशांवरचं एक पुस्तक वाचलं आणि जपानला जायचं ठरवलं. दुभाष्याला जपानी शिकायची तर आधी चिनी यायला हवी, अशी ब्रिटिश परराष्ट्रसेवेतल्या त्याच्या वरिष्ठांची समजूत होती. म्हणून त्याला पेकिंगला धाडलं. तिथे जपानी मंत्र्यांचं एक पत्र आलं, त्याचा अर्थ चिनी जाणकारांना लागेना. वरिष्ठांची समजूत तिथेच मोडली.

सप्टेंबर १८६२मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, तो योकोहामाला उतरला. आठवड्याच्या आतच नामामुगीजवळ सात्सुमा संस्थानाच्या सामुरायांनी रिचर्डसन या इंग्रज व्यापाऱ्याला ठार केलं. पुढच्या वर्षी ब्रिटिश आरमाराने सात्सुमाच्या कागोशिमा शहरावर तोफा डागल्या, तेव्हा सॅटो त्या ताफ्यातच होता. पण ज्यांच्यावर तोफा चालल्या, त्यांच्याच मुत्सद्द्यांशी तो पुढे त्यांच्या भाषेत बोलू लागला. सात्सुमाचे सायगो ताकामोरी, तसेच चोशू संस्थानाचे इतो हिरोबुमी यांच्याशी त्याच्या भेटीगाठी झाल्या. देशाचा कल कुठे झुकतोय, हे त्याला अशा बैठकींत उमगलं.

१८६६मध्ये योकोहामाच्या एका इंग्रजी वृत्तपत्रात त्याने निनावी लेख लिहिले. शोगुन, म्हणजे प्रत्यक्ष सत्ता चालवणारा लष्करी शासक, हा देशाचा सार्वभौम नव्हे, तेव्हा करार सम्राटाशी आणि सरदारांशी व्हायला हवेत, असं त्यांचं सूत्र होतं. त्यांचं जपानी भाषांतर हातोहात पसरलं. वाचणाऱ्यांना ते ब्रिटिश सरकारचंच धोरण वाटलं. प्रत्यक्षात ते एका कनिष्ठ दुभाष्याचं मत होतं, आणि सेवेच्या नियमांना धरून तर मुळीच नव्हतं. १८६८मध्ये शोगुनशाही गेली. ती सॅटोने पाडली असं मी म्हणणार नाही. पाडणारे जपानीच होते. मात्र ती कोसळणार हे त्याने वेळेवर ओळखलं.

हे ज्ञान साम्राज्याच्या कामी आलं, हेही विसरता येत नाही. १८९५मध्ये तो ब्रिटनचा मुख्य राजनैतिक प्रतिनिधी म्हणून जपानला परतला. १९००मध्ये त्याची नेमणूक पेकिंगला झाली, आणि परकीयांविरुद्धच्या बॉक्सर उठावानंतर चीनवर जबर दंड लादणाऱ्या १९०१च्या करारावर ब्रिटनतर्फे त्याचीच सही आहे.

खाजगी आयुष्यातही जवळीक आणि अंतर अशी दोन टोकं होती. ताकेदा काने या जपानी स्त्रीशी त्याचं रीतसर लग्न झालं नाही, पण तिच्याशी आणि दोन्ही मुलांशी नातं अखेरपर्यंत राहिलं. धाकटा हिसायोशी मोठा वनस्पतिशास्त्रज्ञ झाला.

निवृत्तीनंतर डेव्हनमध्ये राहून सॅटोने १९१७मध्ये राजनैतिक व्यवहाराचा मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. त्याच्या सुधारित आवृत्त्या एकविसाव्या शतकातही निघाल्या आहेत. तरुणपणी नियम ओलांडणाराच पुढे नियमांचा भाष्यकार झाला, यात मला विसंगती दिसत नाही. एका बेसावध लेखाने केवढा गैरसमज होऊ शकतो, हे त्याच्याइतकं कोणी अनुभवलं होतं?

परराष्ट्रसेवेची परीक्षा देणाऱ्या तरुणांना माझी विनंती आहे. सॅटोचा ग्रंथ अभ्यासाच, पण त्याआधी १९२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या जपानच्या आठवणी वाचा. आणि ज्या देशात जाल, तिथली भाषा शिका, ती केवळ सरकारी कागद वाचण्यापुरती नको. दरबाराबाहेरची माणसं काय म्हणतात ते कळेल इतकी शिका. कळलेल्याचा उपयोग कुणासाठी होणार, हा प्रश्नही स्वतःला विचारत राहा.