मी अबोल आहे, हे मला कुणी सांगितलं?



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, करिअर समुपदेशक नाही. त्यामुळे कुणी काय व्हावं हे मी सांगणार नाही. स्वतःला ओळखताना माझी एक चूक झाली, ती मला बरीच वर्षं महागात पडली. तेवढीच सांगतो.

दहावीपर्यंत मी तालुक्याच्या गावी मराठी शाळेत होतो. वक्तृत्व स्पर्धेत माझं नाव ठरलेलं असायचं. इंजिनिअरिंगला पुण्यात आलो आणि सगळं इंग्रजीत सुरू झालं. तोंडी परीक्षेत उत्तर यायचं, पण वाक्य जुळेपर्यंत सर पुढच्या मुलाकडे वळलेले असायचे. हळूहळू मी बोलणंच सोडलं. शेवटच्या वर्षी मित्राने इंटरनेटवरची एक व्यक्तिमत्त्व चाचणी पाठवली. निकाल आला, ‘इंट्रोव्हर्ट’. खरं सांगू, मला बरं वाटलं. माझ्या गप्प बसण्याला एक वजनदार नाव मिळालं होतं.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी क्लायंटशी बोलायची जबाबदारी समोर आली. ‘माझा स्वभाव तसा नाही’ म्हणून मी नाही म्हटलं. माझ्यानंतर लागलेल्या मुलाने ती घेतली आणि तो पुढे गेला.

मग एका रविवारी मोहल्ल्यात स्कॉलरशिपचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचा कॅम्प होता. मी फक्त लॅपटॉप सांभाळणार होतो. पण पालक विचारू लागले. उत्पन्नाचा दाखला कुठे काढायचा? खातं आधारला जोडलंय की नाही, कसं कळणार? सकाळी दहा ते संध्याकाळी सहा मी बोलत होतो. घरी आल्यावर अम्मी म्हणाली, “आज काय झालंय? चेहरा खुललाय तुझा.”

त्या रात्री लक्षात आलं की माणसांचा मला कंटाळा नव्हताच. इंग्रजीत चुकण्याची भीती होती. परिस्थितीला मी स्वभाव समजून बसलो होतो.

आपल्यात हे फार होतं. वर्गात नाव ऐकून कुणी टोमणा मारला, तेव्हापासून मुलगा मागच्या बाकावर बसतो. आपण म्हणतो, लाजाळू आहे. मुलीला कधी एकटीने तालुक्यालाही पाठवलेलं नसतं, आणि आपण म्हणतो, तिला बाहेरचं काम आवडत नाही. तिला विचारलं कधी? करून पाहू दिलं कधी?

चाचण्या वाईट नाहीत, त्यांची मर्यादा माहीत हवी. इंटरनेटवर चार अक्षरांत तुमचा प्रकार सांगणाऱ्या चाचण्या फिरतात. त्यांचं मूळ मायर्स-ब्रिग्ज चाचणीत आहे. ती कॅथरिन ब्रिग्ज आणि इसाबेल मायर्स या मायलेकींनी कार्ल युंग यांच्या 1921 च्या पुस्तकावरून तयार केली. दोघींचं मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण नव्हतं. काही आठवड्यांनी हीच चाचणी पुन्हा दिली तर बऱ्याच जणांचा प्रकार बदलतो. करिअरसाठी जॉन हॉलंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1959 मध्ये मांडलेली पद्धत जास्त उपयोगी वाटते. त्यात आवडीचे सहा गट आहेत: हात-अवजारांचं काम, शोध, कला, माणसांना मदत, उद्योग-नेतृत्व आणि नोंदी-हिशेब. कुणीही एकाच गटात बसत नाही, साधारण दोन-तीन गट मिळून चित्र तयार होतं. पण ज्या कामाशी आपला कधी संबंधच आला नाही, त्याची आवड कागदावर कशी उतरणार?

आमच्या धंद्यात प्रोग्रॅम बंद पडला की आधी विचारतात, चूक कोडमध्ये आहे की मशीनमध्ये? मग तोच कोड दुसऱ्या मशीनवर चालवून बघतात. स्वतःबाबतही तेच करा. तेच काम दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या माणसांत, दुसऱ्या जागी करून बघा. तिथे जमलं, तर दोष तुमच्या स्वभावाचा नव्हता. सगळीकडेच जीव गुदमरला, तर तो स्वभाव असू शकतो. तोही मान्य करा, त्यात कमीपणा नाही.

दोन महिने एक वही ठेवा. रोज तीन ओळी पुरेत. आज कशात वेळ कसा गेला कळलं नाही? काय टाळलं? टाळलं ते आवडत नव्हतं म्हणून, की भीती वाटली म्हणून? तिसऱ्या प्रश्नाला खोटं उत्तर लिहू नका, वही कुणी बघणार नाही.

आणि घरची गरज विसरू नका. स्वतःला ओळखणं म्हणजे उद्या राजीनामा देणं नाही. घरात हप्ते असतील तर नोकरी करा आणि नवं काम रविवारी करून पाहा. मलाही रविवारीच सापडलं.

आज मी क्लायंटशी बोलतो, नव्या मुलांना शिकवतो. इंग्रजी अजून गावाकडचंच आहे. कॉलच्या आधी आजही घसा कोरडा पडतो. मी पाणी पितो आणि बोलतो.

आता तुम्ही बोला. मराठीत, हिंदीत, मोडक्या इंग्रजीत, कसंही विचारा. मागच्या रांगेपासून सुरुवात करू या.