गढूळ पाण्यांतील नजर



आपल्या भाषेनें पाण्याकडे मोठ्या बारकाईनें पाहिलें आहे. पाणी गढूळ असतें, शेवाळलेलें असतें. मग तें निवळतें, नितळ होतें आणि अखेर निवळशंख दिसूं लागतें. ज्या झाडाच्या बिया भांड्याच्या आंतल्या बाजूस घांसून आपल्या पूर्वजांनीं पावसाळ्यांतलें पाणी स्वच्छ केलें, त्या झाडालाही आपण 'निवळी' हेंच नांव दिलें. परंतु या पाण्यांत किती हातांवरचें दिसेल, हें यांपैकीं एकही शब्द सांगत नाहीं. घागर भरणाऱ्याला त्याची गरज नव्हती. पाठीवर हवेची टाकी बांधून तळ्यांत उतरणाऱ्या पाणबुड्याला मात्र नेमकें तेंच हवें असतें, आणि त्याचा अंदाज चुकला तर त्याच्या जिवावर बेतूं शकतें. मी स्वतः पाणबुडा नव्हे, शाळामास्तर आहें. पण या अंदाजामागें जें शास्त्र आहे तें घरांत बसूनही समजण्याजोगें आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ निश्चित करूं. पाण्याखालील दृश्यता म्हणजे वरून तळ दिसणें नव्हे. पाण्यांत उतरल्यावर समोर, आडव्या रेषेंत, सोबत्याची आकृति जितक्या अंतरावर ओळखूं येते तें अंतर म्हणजे दृश्यता. प्रवाळांच्या बेटांजवळील स्वच्छ समुद्रांत हें अंतर ३० मीटरपर्यंत असूं शकतें. गढूळ तळ्यांत तें एक-दोन मीटरांवर येतें, आणि कित्येकदां पसरलेल्या हाताचीं बोटेंही दिसत नाहींत.

कांठावर उभें राहून पाणी जोखण्याची आपल्याला संवय असते. पण हा निवाडा फार फसवा. पाणी गुडघाभर, तळाशीं पांढरी वाळू आणि वर ऊन असलें म्हणजे खडान्‌खडा दिसतो व पाणी नितळ वाटतें. त्याच पाण्याचा दहा मीटरांचा थर डोळ्यांसमोर आला तर पलीकडचें कांहींच दिसणार नाहीं. उलटपक्षीं खोल व स्वच्छ पाणीही ढगाळ दिवशीं काळेंभोर भासतें, कारण कांठावरून जो रंग दिसतो त्यांत आकाशाच्या प्रतिबिंबाचा वांटा मोठा असतो.

डोळ्यांच्या या लहरीपणाला मापाची शिस्त लावली ती एका ज्योतिर्विदानें. रोमच्या वेधशाळेंतील पीएत्रो आंजेलो सेक्की हे जेझुइट धर्मगुरु सूर्य व तारे यांच्या प्रकाशाच्या अभ्यासासाठीं प्रसिद्ध होते. १८६५ सालीं पोपच्या आरमारांतील अधिकारी आलेस्सांद्रो चिआल्दी यांच्या विनंतीवरून ते जहाजावर गेले, आणि पांढऱ्या तबकड्या भूमध्य समुद्रांत सोडून त्या किती खोलीवर अदृश्य होतात, याची त्यांनीं पद्धतशीर नोंद केली. पुढें तळ्यांसाठीं २० सेंटिमीटर व्यासाची, चार भागांत आळीपाळीनें काळी व पांढरी रंगविलेली तबकडी रूढ झाली. अमेरिकेंतील टाहो सरोवरांत १९६८ सालीं या मापाची वार्षिक सरासरी सुमारें ३१ मीटर होती. अलीकडील वर्षांत ती २० मीटरांच्या आसपास आली आहे. सूक्ष्म माती व शेवाळ यांनीं केलेला हा बदल कांठावरून निळेंच पाणी पाहणाऱ्या प्रवाशाच्या लक्षांतही येत नाहीं.

हें साधन करावयास खर्च नाहीं. मी शाळेंत असतांना मुलें डब्याचें झांकण रंगवीत, त्याखालीं दगड बांधीत आणि दोरीला अर्ध्या-अर्ध्या मीटरावर गांठी मारीत. दुपारच्या सुमारास होडीच्या सावलीच्या बाजूनें तबकडी सोडावी. ती दिसेनाशी होईल तेथें दोरीवर एक खूण करावी, वर ओढतांना पुन्हां दिसेल तेथें दुसरी. दोहोंची सरासरी तें माप.

तथापि हें माप पाणबुड्याच्या हातीं जसेंच्या तसें देतां येत नाहीं. तबकडी पांढरी असते, तिच्यावर वरून ऊन पडतें आणि आपण सरळ खालीं पाहतों. पाणबुड्याचा सोबती काळ्या पोषाखांत, समोर, अंधुक प्रकाशांत असतो. म्हणूनच न्यूझीलंडमध्यें १९८८ सालीं काळी तबकडी आडव्या रेषेंत पाहण्याची निराळी पद्धति मांडण्यांत आली. शिवाय तळें म्हणजे एकजिनसी पाणी नव्हे. उन्हाळ्यांत ऊबदार पाण्याचा थर वर तरंगतो व थंड पाणी खालीं राहतें. वरचा थर शेवाळानें हिरवा असून खालचा स्वच्छ, पण काळोखा, असें होऊं शकतें. वरचें पाणी बरें असून तळाशीं गाळ दाटलेला असेल, असेंही होतें. यासाठीं माप खालीं गेल्यावर पुन्हां घ्यावें लागतें. एकानें गांठी मारलेल्या दोरीचें टोंक धरून थांबावें, दुसऱ्यानें आकृति पुसट होईपर्यंत मागें जावें, आणि गांठी मोजाव्या.

गांठी कां, नुसता अंदाज कां नव्हे? कारण पाण्याखालीं डोळा दोन्ही बाजूंनीं फसवितो. डोळ्यांवरील कांचेंतून पाहतांना प्रकाशाच्या वक्रीभवनामुळें ४ मीटरांवरील वस्तु ३ मीटरांवर असल्यासारखी व मोठी दिसते. पण पाणी गढूळ असलें म्हणजे याच्या उलट घडतें. पाऊस उघडल्यावर सह्याद्रीचे कडे हातावर आल्यासारखे दिसतात आणि धुक्यांत तेच दूर जातात, त्याचप्रमाणें गढूळ पाण्यांत फिकी पडलेली वस्तु आहे त्याहून लांब वाटते. परिणामीं दीड मीटर दिसत असतां पाणबुडा तीन मीटर दिसतें म्हणून सांगतो, आणि तेवढ्या भरंवशावर सोबत्याला दूर जाऊं देतो.

मग मोठा दिवा नेला तर? याचें उत्तर आपण आज रात्रीं घरींच पाहा. कांचेच्या पेल्यांत पाणी घेऊन त्यांत दुधाचे चार थेंब टाका, पलीकडे छापील कागद धरा आणि अंधारांत विजेरी डोळ्याजवळ धरून अक्षरें वाचूं लागा. पुढें पांढरा पडदा उभा राहील. कण प्रकाश परत आपल्याच डोळ्यांत फेंकतात. विजेरी बाजूस नेली कीं पडदा कांहींसा विरतो. म्हणून जाणता पाणबुडा दिवा डोळ्यांपासून दूर, बाजूस धरतो.

याहून मोठें संकट पाणबुड्याच्याच पायांशीं असतें. पायांतील रबरी पंखांचा एक फटकारा तळाला लागला कीं गाळ उसळतो, आणि तो लवकर बसत नाहीं. कण निम्मा झाला कीं त्याचा खालीं बसण्याचा वेग चौथाई होतो. मिलिमीटराच्या दहाव्या भागाएवढी वाळू मीटरभर खालीं जावयास दोनेक मिनिटें घेते. मिलिमीटराच्या पांचशेव्या भागाएवढ्या मातीच्या कणाला स्थिर पाण्यांतही सुमारें तीन दिवस लागतात. जातांना दिसलेली वाट येतांना दिसेलच असें मुळींच नाहीं.

यास्तव मर्यादा पाण्याबाहेर, डोकें शांत असतांना ठरवावी: अमुक गांठींहून कमी दिसलें तर परत फिरावयाचें. सोबती दिसेनासा झाला तर त्याला एक मिनिटाहून अधिक शोधावयाचें नाहीं. दोघांनींही सावकाश वर यावयाचें. आणि वर कोणतें, खालीं कोणतें हेंच उमगेनासें झालें, तर हाताशीं बुडबुडे जाणवतात ते ज्या बाजूस जातात ती वर.

हौशी माणूस परत फिरूं शकतो. परंतु तळ्यांत कोणी बुडालें म्हणजे जे शोधासाठीं उतरतात, त्यांना हें स्वातंत्र्य फार थोडें असतें. ते बहुधा डोळ्यांनीं नव्हे, हातांनीं शोधतात. कांठावरच्या माणसानें धरलेल्या दोरीच्या टोंकाशीं राहून ते अर्धवर्तुळांत तळ चांचपीत जातात, आणि दोरीचे ठरलेले हिसके हीच त्यांची भाषा असते. अशा वेळीं कांठावर जमलेल्या आपणांस पाणी उथळ व साधें दिसतें, आणि 'इतका वेळ कां लागतो?' असा प्रश्न तोंडून निघतो. दुःखानें निघालेला तो प्रश्न समजण्यासारखा आहे. पण त्या घाईनें खालच्या माणसाला एक बोटही अधिक दिसत नाहीं. आपण त्या जागीं असलों तर बुडणाऱ्याला शेवटचें कोठें पाहिलें तें ठिकाण नीट दाखवावें, मग बाजूला व्हावें, आणि दोरी धरलेल्या माणसाशीं बोलूं नये. खालच्या माणसाचा सारा भरंवसा त्या वेळीं त्याच्या हातावर असतो.